थांबघर

सात खंडांच्या त्या लांबलचक मालिकेत
उडते किल्ले आहेत, काचेचं अरण्य आहे,
एक नगर तर देवमाशाच्या पाठीवर वसलेलं.
माझ्या बहिणीला, विर्वेला, आवडायचं थांबघर.

तिसरा खंड, जेमतेम अडीच पानं.
उर्माल नदीच्या काठी, होडी येईतो
प्रवाशांनी टेकायची एक बुटकी खोली.
नायक तिथे एक रात्र काढतो, तीही झोपून.
पुढच्या पानावर लढाई सुरू होते
आणि लेखक मागे वळून बघत नाही.

थांबघराची म्हातारी, ओस्ता,
कुणाला नाव विचारत नाही, गाव विचारत नाही.
दार किलकिलं करून एवढंच म्हणते :
‘भिजलायत का?’
आत अकरा खुंट्या.
राजाचा झगा आणि शेळीवाल्याची घोंगडी
शेजारी शेजारी निथळत राहतात,
खाली थारोळं एकच.
(अकरा हा आकडा पुस्तकात नाही.
विर्वेने मोजल्या. कशा, ते मला विचारू नका.)

नकाशातही ते नव्हतं.
तिने नदीच्या वळणावर पेन्सिलीने टिंब दिलं,
इतकं बारीक, की वाचनालयाच्या बाई
माशीची घाण समजून खोडरबर शोधत होत्या.

आम्ही हीउमा बेटावरचे.
आमच्याकडे थांबणं हा हवामानाचाच एक प्रकार.
वारा पडला तर फेरी,
बर्फ धरलं तर समुद्रावरून रस्ता,
आणि अधल्यामधल्या दिवसांत नुसतं
खिडकीशी बसून पाण्याची मर्जी बघायची.
विर्वे हेल्तेरमाच्या धक्क्यावर तिकिटं देते.
मी ओल्या लाकडाच्या धुरावर मासे टांगतो.

सातवा खंड आधी माझ्या हाती लागला.
पान दोनशे एकोणतीस.
सेना उत्तरेला निघते, आणि वाक्याच्या शेपटाला,
स्वल्पविरामानंतर :
वाटेत थांबघर जाळलं.

बस. ओस्ताचं काय झालं, नाही.
होडी बोलवायच्या घंटेचं, नाही.
पुढे घोड्यांच्या रंगांवर सबंध परिच्छेद.

त्या रात्री मी कणकेची खळ शिजवली.
अठ्ठावीस आणि एकोणतीस, तोंडाला तोंड लावून
चिकटवली, वर बिडाचा तवा ठेवला.
मी तेव्हा एक्केचाळीस वर्षांचा होतो.
नंतर पाच दिवस बोटांना पिठाचा वास,
निदान मला तरी यायचा.

विर्वेने खंड वाचून परत आणला.
‘छापखान्याची चूक. दोन पानं अडकलीयत.’
‘सोडवून बघायचीस,’ मी म्हणालो. म्हणायला नको होतं.
तिने टेबलावरची सुरी उचलली,
पानांच्या कडेला टेकवली,
मग त्याच सुरीने पावाला लोणी लावलं.
‘राहू दे. लढाईच असेल.’

म्हणजे ते जळालेलं घर
तेव्हापासून एकट्या माझ्याकडे आहे.
ठेवायला जागा नाही. कोठारात जाळी, पिंपं,
बाबांची शिडाची होडी, तिलाच जागा नाही.

गेल्या नोव्हेंबरात तीन दिवस फेरी सुटली नाही.
धक्क्यावरच्या खोलीत माणसं अडकली :
ओंडक्यांचा ट्रकवाला, एका लग्नाची वऱ्हाडी मंडळी
केकसकट, रीगाचा एक दातांचा डॉक्टर
जो उगाचच सगळ्यांची माफी मागत होता.
मी त्यांच्यासाठी धुरावलेली वाम घेऊन गेलो.
अंगावरचं पाणी बुटात उतरलेलं.

भिंतीवर नव्या खुंट्या होत्या,
वेड्यावाकड्या, बाईमाणसाने घाईत ठोकल्यासारख्या
(हे मी तिला सांगितलं असतं तर हातोडी बसली असती).
एक सोडून सगळ्या भरलेल्या.

‘भिजलायस का?’
विर्वेने तिकीटखिडकीआडून विचारलं,
आवाज नेहमीचाच, वर न बघता.
मी कोट अडकवला.
तिने हवा हुंगली.
‘धुराचा वास येतोय.’
‘माशांचा,’ मी घाईने म्हणालो,
‘माझ्या कोटाचा आहे. माशांचाच.’

‘मग दुसरा कसला असणार,’ विर्वे म्हणाली
आणि बार्लीच्या पेजेत पळी घालून
ढवळत राहिली, ढवळत राहिली,
पेज केव्हाच झालेली असताना.