सगळं उजवीकडे

कूलरच्या जुन्या स्टँडचा अँगल कापला.
इतवारीतून आणलेले नट-बोल्ट,
स्टीलचेच, गंजू नयेत म्हणून.
वल्ह्याच्या खुंटीला भंगारातल्या स्कूटरचं फूटरेस्ट.

कन्हानच्या काठावर ओढलेला डोंगा.
सुकराम भोक पाडतो, भुसा फुंकतो,
पुन्हा मोजतो. टेपनं नाही,
बापाच्या वितीनं.

गळाची नळी उजवीकडे.
टॉर्चची खोबण उजवीकडे.
जाळ्याचा आकडासुद्धा.
गेल्या पोळ्यापासून म्हाताऱ्याचा डावा हात
मांडीवर निजलेला असतो.

सांजेला बुढा डोंग्यात बसला.
एकेक वस्तू चाचपली, हलवून पाहिली,
अँगलला तर लटकलाच जवळजवळ.
बोलला काहीच नाही.

मग म्हणाला,
"अन् खर्रा कुठी ठेवू बे?"

सुकरामनं ड्रिल उचललं.