वडीलकी

रात्रभर तंदूरशी झुंजून
सकाळी पावणेसातला चिलॉन्झारला मेट्रोत बसलो
की मी डोळे मिटतो.
झोप येते म्हणून नव्हे.

हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे
मी बरा माणूस वाटण्याची शक्यता आहे.

ताश्कंदात कुणी शिकवत नाही उठायला.
दूध सुटायच्या आत अंगात भिनतं ते.
दारात पांढरा रुमाल दिसला
की गुडघे आपसूक सरळ होतात,
अख्खी रांग उभी, कुणी दोरी ओढल्यासारखी.
म्हणून तर मिटावे लागतात डोळे.
उघड्या डोळ्यांनी बसून राहणं
आमच्या गल्लीतल्या चोरालाही जमायचं नाही.

त्या दिवशी नोव्झाला
रेहानचा वास आला, ओला, नुकता खुडलेला.
मग धाप.
मग माझ्या बुटाला पिशवीचा धक्का,
चुकून लागलेला.
चुकूनच, बहुधा.
पोटऱ्यांत भट्टीची धग होती अजून,
तरी उठलो. "बसा, खोला."

खोला बसेनात.
त्यांच्यामागून आणखी एक खोला चढल्या होत्या,
सोन्याच्या दातांच्या, काठीवाल्या.
"तुम्ही बसा, थोरल्या आहात."
"मी? अहो, थोरल्या तर तुम्ही!"
"कुठल्या सालच्या?"
"घोड्याच्या."
"अगंबाई, मीही घोड्याचीच!"

वयाचा आकडा विचारत नाहीत आमच्याकडे,
सालाचं जनावर विचारतात.
घोडा बारा वर्षांनी पुन्हा येतो,
पण दोघींच्या सुरकुत्या पाहता
दुसऱ्या घोड्याच्या संशयाला जागा नव्हती.

जागा होती ती तिथे,
माझ्या उबेची, रिकामी.

मग महिने निघाले.
एकीच्या जन्माला जर्दाळू फुलले होते,
दुसरीच्या आईला कळा आल्या
कापसाच्या ओळीत, ओटी अर्धी भरलेली असताना.
"म्हणजे तुम्ही वसंतातल्या. बसा!"
"थांबा, भूकंप झाला तेव्हा कितवीत होता?"
"पाचवीत."
"मी चौथीत! घ्या, थोरल्या तुम्हीच."
"नापास झाला असाल."
"एकदाच हो. गणितात."

डबा हसला. कोपऱ्यातला पोलीससुद्धा.
गाडी बोगद्यात वाकडी झाली,
दोघी एकमेकींच्या दंडाला धरून डोलल्या,
पण टेकली कुणीच नाही.

काठीवाल्या खोलांची नजर माझ्यावर आली.
माझ्यावर नव्हे, काखेतल्या गाठोड्यावर.
"काय आहे रे यात?"
"नान. शेवटचा घाणा. अकरा आहेत."
"आणि तू त्यांना ताटकळत ठेवलंस?
नानहून वडील कोण आहे इथं?"

सीटवर त्यांनी रुमाल अंथरला,
गाठोडं दोन्ही हातांनी घेतलं,
एकही नान पालथा पडणार नाही असं बेताने ठेवलं,
आणि माझे अकरा नान
ऐटीत बसले.
आम्ही सगळे उभे.

पुढे एक टायवाला घाईघाईने चढला,
जागा पाहून झेपावला, वाफ पाहून थबकला.
हात छातीशी नेला, किंचित झुकला,
आणि दांडी धरली.

पाख्ताकोरला दोघी उतरल्या,
जिन्याशी पुन्हा "आधी तुम्ही" सुरू झालेलं
काच सरकेपर्यंत दिसत होतं.
गाठोड्याच्या गाठीत रेहानची काडी होती.
कुणी खोचली, कळलं नाही.
नान मोजले तर दहा.

तेवढ्यात आठवलं,
माझं स्टेशन मागेच गेलं होतं.
नोव्झाच्या पुढचंच.
म्हणजे उठलो होतो तो
जेमतेम दोन मिनिटांचा त्याग करून.

अजूनही मिटतो डोळे.
फक्त एक डोळा हल्ली
नीट मिटत नाही.