कुणाची डॉक्टर

अंबाजोगाईच्या डोंगरावर मे महिना लवकर उतरत नाही.
हवालदार गुट्टे विश्वंभरला घेऊन आले
तेव्हा बेडीची किल्ली त्यांच्या करदोड्याला बांधलेली.
दरवेळी सदरा वर करायचा,
दरवेळी सिस्टरांना म्हणायचं, "तिकडं बघा जरा."

दहा दिवसांचा मुक्काम. निरीक्षणासाठी, असं कोर्टाचं पत्र,
खाली शिक्का, शिक्क्यावर चहाचा डाग.

नव्या अभ्यासक्रमाच्या पहिल्या तुकडीत आम्ही तिघंच:
मी, मानसशास्त्राचा एक अबोल मुलगा,
आणि शेवंता सिस्टर, ज्यांना
आमच्या दोघांपेक्षा जास्त कळायचं
नि त्या ते सांगायच्या नाहीत.

चिद्रवार सर पहिल्याच तासाला म्हणाले होते,
"त्यानं केलं का, हा प्रश्न आपला नाही.
करताना तो तिथं होता का,
एवढंच बघा."
मी वहीत लिहिलं: तिथं.
खाली दोनदा रेघ.

विश्वंभर परळीत, गंगाखेड रोडला, मोटारी भरायचा.
बोअरच्या जळक्या मोटारी, तांब्याची तार, वेढे मोजत.
भर दुपारी बहिणीच्या नवऱ्याच्या डोक्यात
पाइपपाना घातला
आणि पोलीस येईतो
राहिलेले वेढे पुरे केले.

शिकवल्याप्रमाणे मी आधी बजावलं:
"तुम्ही सांगाल ते माझ्यापाशी राहणार नाही.
कोर्टाला कळवावं लागेल.
न बोलायचीही मुभा आहे."
तो पाण्याच्या जगकडं बघत राहिला. मग:
"मंग तुमी कुनाच्या डाक्टर?"

पुस्तकात यावर एक अख्खा परिच्छेद होता.
मी तो पाठ केला होता.
तोंडात नुसता पान नंबर आला.

तीन दिवस तो बोलला नाही.
चौथ्या दिवशी बहीण आली.
कपाळ मोकळं, फडक्यात धपाटे.
गुट्ट्यांनी एकेक मोडून तपासला,
शेवटचा न मोडताच ठेवला.
तिनं फडकं कॉटच्या पायथ्याशी टेकवलं,
भावाकडं न बघता स्टँडचा रस्ता विचारला
आणि गेली.
निरीक्षणाच्या तक्त्यात याला रकाना नव्हता.

त्या रात्री तो बोलला. वर बोट करून.
"ह्याचं वायंडिंग जळायलंय. रातभर सांगायलाय त्यो."
मी नोंद केली: श्रवणभ्रम. तारीख, वेळ, सही.
सकाळी सरांनी वाचली, मान वर न करता म्हणाले,
"पंखा तपासलात?"

नव्हता तपासला.
सातव्या रात्री वॉर्डभर जळक्या व्हार्निशचा वास.
शेवंता सिस्टर खिडक्या उघडत पुटपुटल्या,
"घरघर तर कधीची होती की."

मी नोंद खोडली.
पण मोटार आपल्याला नावानं हाक मारते,
भावजी तारेतून शिव्या देतात,
तार कापली तर शिव्या थांबतील,
हेही त्यानंच सांगितलं होतं,
त्याच आवाजात, तितक्याच सरळ.
ते खोडता आलं नाही.

अहवाल नऊ पानांचा झाला.
पहिल्या ओळीत मी 'रुग्ण' लिहिलं, सरांनी काट मारली.
'आरोपी' लिहिलं, त्यावरही.
"आता काय लिहू?"
"नाव आहे ना त्याला?"

दहाव्या दिवशी गुट्ट्यांनी सदरा वर केला.
दारातून वळून विश्वंभर म्हणाला,
"फ्यान भरून घ्या बाई. पन तांबं बघून घ्या,
ॲल्युमिनियम घालतेत आन् तांब्याचे पैसे लावतेत."

नंतर कितीतरी महिन्यांनी साक्षीचं समन्स आलं.
काळ्या कोटातल्या माणसानं चष्मा पुसत विचारलं,
"मॅडम, तेव्हा तुम्ही अजून शिकतच होतात ना?"

वर पंखा फिरत होता.
आधी मी तो नीट ऐकला.
मग म्हणाले, "हो."