मुंग्या

या बेटावर झाड नाही.
एकसष्ट वर्षांत मी इथं एक मुंगी पाहिली नाही.
आणि आता माझ्या दहाही बोटांत
त्यांची रांग लागलीय,
जणू आत कुठंतरी कोणी साखर सांडून ठेवली आहे.

डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं:
थंड कशालाही शिवायचं नाही.
वार्डोमध्ये!
जिनं तीस वर्षं
बर्फात कोपरापर्यंत हात घालून
कॉड मासे चिरले, तिला.
मी हसले. आयलर्टही हसला.
दुसऱ्या दिवशी नळाचं पाणी प्यायले
आणि घशात काच फुटली.

तेव्हापासून फ्रिजच्या मुठीला लोकरी मोजा आहे,
आमच्या थोरल्याचा, लहानपणचा, लाल.
त्याचा जोडीदार दाराच्या कडीला.
पाणी कोमट, दूध कोमट, सफरचंदसुद्धा कोमट,
आणि सगळ्याला चव एकच,
नाणं चोखल्यासारखी.

दर पंधरवड्याला किर्केनेसला विमान.
परतताना कमरेला पंप, मुठीएवढा,
दोन रात्री उशीशेजारी आवाज न करता रिकामा होणारा.
मी त्याला पाहुणा म्हणते.
पाहुणा गेला की तीन दिवस
मी आणि बादली.

अकरा झाले. एक उरलं.

इंगुन नर्स दर वेळी विचारते,
बटणं लागतात का?
लागतात, मी म्हणते.
खोटं. नवव्यापासूनच लागत नाहीत.
नाही म्हटलं तर औषध कमी करतील,
आणि मला ते पुरतं हवं होतं,
शेवटच्या थेंबापर्यंत,
कारखान्यात पगार मोजून घ्यायचे तसं.
म्हणून रात्री स्वयंपाकघरात बसून
आयलर्टच्या जुन्या सदऱ्यावर सराव करायचे.
बोट दिसतं, बटण दिसतं,
निरोप मधल्या मधे हरवतो.
एकदा कप पडला. एकदा मीच.
पायांखाली फरशी नव्हतीच,
कोणीतरी लोकर अंथरून गेलं होतं.

अकराव्या वेळी इंगुननं विचारलं.
मी तोंड उघडायच्या आत
आयलर्ट म्हणाला, नाही लागत.
चाळीस वर्षांत हा माणूस
माझ्या मधे कधी बोलला नव्हता.
रात्री उठते ती, म्हणाला,
मी जागाच असतो.

बाराव्यातून ते थंडीचं औषध काढलं.
बाकीचं मिळेल.
मुंग्या मात्र इतक्यात जाणार नाहीत,
डॉक्टर म्हणाले, आधी वाढतीलही.
विमानात मी आयलर्टशी बोलले नाही.
घरी आल्यावरही दोन दिवस नाही.

इथं दोन महिन्यांच्या काळोखानंतर सूर्य उगवला
की किल्ल्यावरून तोफ उडते,
शाळेला सुट्टी.
पण अट आहे: अख्खी तबकडी दिसली पाहिजे.
परवा तो अर्धाच वर आला
आणि ढगात शिरला.
पोरं दप्तरं सावरत मुकाट वर्गात गेली.
खिडकीतून बघताना मला तोफवाल्याचा राग आला.
अर्धा तर अर्धा,
शेकला असता की कोणाचातरी गाल.

उद्या बारावं.
आज आयलर्ट धक्क्याकडे निघाला,
मी त्याला दारात अडवलं.
थांब.
त्याच्या कोटाला सहा बटणं, शिंगाची, मोठी.
पहिलं काजात जाईपर्यंत
शेजारच्या होबोर्गनं अंगणातला अर्धा बर्फ उपसला.
आयलर्ट हलला नाही.
मदतीला हात वर आला नाही.
लाल मोज्याच्या कडीवर तो ठेवून उभा राहिला,
टेबलावर त्याची कॉफी निवत गेली.
चौथ्या बटणाला मी म्हटलं,
तू चहाडखोर आहेस.
हो, म्हणाला.
पाचवं भलत्याच काजात गेलं.
दोघांनीही पाहिलं.

तसाच गेला तो,
वाकड्या कोटानं, अख्ख्या गावातून.