खोली : माहीत नाही

सातव्या रकान्यात ऑर्फा त्वेत यांनी लिहिलंय : माहीत नाही.
आठव्यात, विहीर कुणी घेतली : नवऱ्याने.
नवव्यात, त्याचा परवाना क्रमांक :
तिथे नुसती एक रेघ,
आणि रेघेखाली, बारीक अक्षरात, तो गेला.

म्हणून मी आले. काउंटीची गाडी, एकोणतीस मैल,
विस्कॉन्सिनची वाळू, मार्चचा कुजका बर्फ,
बटाट्याच्या शेतांत पाणी फवारणारी लांबच लांब यंत्रं
थंडीत गोठून उभी.
या शेतांना वर्षानुवर्षं जे खाऊ घातलं
ते वाळूतून झिरपत, कुणाला न विचारता,
ऑर्फाबाईंच्या नळाला आलंय.
चव नाही. वास नाही. कपात तळ दिसतो.
प्रयोगशाळेच्या कागदावर मात्र नायट्रेट : एकतीस.
चालतं ते दहापर्यंत.

"मी उकळते ना," त्या म्हणाल्या,
"वीस मिनिटं. घड्याळ लावून."
कसं सांगू, बाई,
उकळून पाणी उडतं, ते उडत नाही.
वीस मिनिटं तुम्ही ते आटवत होता,
दूध आटवावं तसं.

नात, सिग्ने, मे महिन्यात बाळंत होईल.
बाळाला घेऊन येणार नाही म्हणाली, या पाण्यापायी.
फोनवर चिडली असती तर बरं होतं.
समजावून सांगत होती.

विहीर तळघरात. वॉशिंग मशीनच्या शेजारी
फरशीतून वर आलेला एक लोखंडी पाइप,
त्यावर मोजे वाळत घातलेले.
एकसष्ट सालच्या उन्हाळ्यात हाल्व्होरने घणाने ठोकला,
एक तुकडा जमिनीत गेला की वर दुसरा जोडून.
"किती तुकडे?"
"पाच."
"केवढा एक?"
"हात वर करून उभा राहिला की तेवढा."

म्हणजे पाच पुरुष.
पण सरकारी कागदाला पुरुष चालत नाही,
फूट लागतात, इंच लागतात.

मग त्यांनी मला स्वयंपाकघरात नेलं
आणि छताकडे बोट केलं.
फ्रिजच्या वर, पांढऱ्या रंगावर, चार बोटांचा मळकट डाग.
रोज पहाटे गोठ्यात जायच्या आधी
तिथे हात टेकवून तो आळस द्यायचा. चाळीस वर्षं.
"तीनदा रंग दिला," म्हणाल्या, "तेवढं सोडून."
मी स्टुलावर चढले. टेप लावली.
सात फूट पाच इंच.
गुणिले पाच.
खोलीची उंची मोजली आणि खोली निघाली :
सदतीस फूट, एक इंच.

कॉफी त्यांनी आधीच करून ठेवली होती.
कोणत्या पाण्याची ते मी विचारलं नाही.
प्यायले.
हे अहवालात नाही.

मग अटी वाचल्या, सावकाश.
आधी विहीर, मग बिल, मग पावती, मग अनुदान.
"गायी होत्या तेव्हा असते पैसे,
तेव्हा मागितलेच नसते."
बोअरवाला कुबिसियाक थांबतो म्हणालाय, दिवाळं न काढता
जितकं थांबता येईल तितकं. लेखी नाही.
आणि कलम अकरा : जुनी विहीर
तळापासून वरपर्यंत सिमेंटने बुजवावी,
फोटो जोडावेत.

पेन हातात तसंच राहिलं.
खाली मशीनचं फिरणं थांबलं, ते ऐकू आलं.
"पूर्ण? पाचही?"
पूर्ण, मी म्हटलं. पाचही.

सही केली. आडनावातला शेवटचा त कागदाबाहेर गेला.
मंजुरीचं पत्र जूनमध्ये, आलं तर.
बाळ मेमध्ये.
मधल्या दिवसांसाठी दुकानातल्या बाटल्यांची पावती ठेवा म्हटलं,
तिचेही पैसे मिळतात की नाही ते विचारून सांगते.

दारापर्यंत सोडायला आल्या.
"नवी किती खोल म्हणालात?"
एकशे बारा फूट.
"त्याच्या हिशेबात?"
मी गाडीच्या टपावर कागद धरून भागाकार केला.
पंधरा.
"पंधरा," ऑर्फाबाई म्हणाल्या,
शालीत हात गुंडाळून, शेतांकडे बघत,
"एकच आवरत नव्हता."