शुक्रवारचा सांधा

टॉर्केलनं एकाहत्तर सालची गाडी आणलीय,
हिरवी, दोन दारांची, एक दिवा आंधळा.
बॉनेट उघडून कुंपणावरून हाक मारतो:
"राइली, हे सीलंट निघतं कसं?"

मला काय विचारतोस.
एकोणतीस वर्षं मी ते भरत होते.
काढायचं कुणी शिकवलं नाही.

तरी गेले. एप्रिल. कालव्यावरचा बर्फ सुटला होता,
पण गॅरेजच्या फरशीतून थंडी अजून
गुडघ्यापर्यंत चढत होती.
इंजिन जुन्या गादीवर काढून ठेवलेलं, कुशीवर,
आणि समोर ती रिकामी जागा
जिच्यात मी दिवसाला साठ वेळा कमरेतून वाकले
आणि जी कधी अशी उजेडात पाहिली नव्हती.

हीट गन वीतभर लांब धर, म्हटलं.
जवळ नेलीस तर धूर होईल,
आणि तो धूर बरा नसतो.
(आम्ही तो नाकानं ओढला, पगारी.)
लोखंडी पट्टी नको, पत्र्याला चरा पडेल.
घरी जाऊन लोण्याची सुरी आणली, जुनिपरच्या लाकडाची,
आईनं फिनलंडहून बरोबर दिलेली.
लोणी मी आता खात नाही.

वरून दगड, पण ऊब लागली की
आतून अजून पाकासारखं.
करड्या साली सुटू लागल्या,
टॉर्केल त्या डब्यात गोळा करत होता,
वास तोच. बत्तीस क्रमांकाचं कपाट, ओले हातमोजे,
आणि झोर्का.

झोर्का स्कोप्येची. तिची रेघ संपताना
बोट वर उडायचं, स्वल्पविरामासारखं.
माझी स्वीडिश मोडकी, तिची त्याहून मोडकी,
पण तिनं कुठं सोडलं, मी कुठून धरायचं,
हे त्या शेपटीवरून कळायचं.
इतकंच बोलणं. सात वर्षं.

ती शेपटी इथं होती. बॅटरीच्या खाली, डावीकडे.
टॉर्केलला काही सांगितलं नाही. सुरी घातली.
चिवट. अर्धा तास गेला एका स्वल्पविरामावर,
आणि खाली पत्रा निघाला नवाकोरा,
प्रायमरसुद्धा शाबूत.

तिच्या पुढं माझी रेघ.
सरळ. दोरीनं आखल्यासारखी.
सुरी टेकवली मात्र,
आख्खी निघून हातात आली, एका ओढीत,
कशालाच चिकटलेली नव्हती.
खाली तांबडा भुगा,
आणि भुग्यातून टॉर्केलचा बूट दिसत होता.

"पन्नास वर्षं," तो म्हणाला, "पाणी, रस्त्यावरचं मीठ.
काळाचं काम."
मी मान हलवली. सोपं असतं मान हलवणं.

रात्री बटाटे सोलताना आठवलं.
आठवलं कसलं, विसरलेच नव्हते.
शुक्रवारी तीननंतर
पत्रा पुसायची चिंधी कुणी शोधत नसे.
तेलाचा हात असायचा त्यावर, पातळ,
बोटाला कळायचा.
बस चार दहाची.
मी तेलावरूनच रेघ ओढायची, सुंदर ओढायची,
आणि तपासनीस फक्त सुंदर बघायचा.
झाकली मूठ.
झोर्का आपली चिंधी कमरेला बांधून आणायची.
तिची बस नेहमी चुकायची.
आम्ही हसायचो तिला, फिनिशमध्ये,
म्हणजे तिला कळू नये म्हणून.

चप्पल घालून गेले. गॅरेजात दिवा होता.
काळाचं नाही ते, म्हटलं. माझं.
टॉर्केलनं भोकाकडं पाहिलं, मग माझ्याकडं,
मग किटलीकडं.
"कॉफी?"

पंधरा दिवसांनी त्यानं नवा तुकडा जोडून घेतला
आणि सीलंटची नळी माझ्या हातात दिली.
उजवी तर्जनी आता पुरती सरळ होत नाही,
रेघ वाकडीच येणार.
पत्रा पुसला. चिंधी उलटी केली, पुसला.
थिनर लावून पुन्हा पुसला.
"पुरे की," टॉर्केल म्हणाला.
मी म्हटलं, थांब.
चुकू दे बस.