नवा हात

खाऱ्या वाऱ्यानं रेकॉर्ड प्लेअरच्या
जुन्या हाताचा सांधा धरला.
नवा आला वेंगुर्ल्याला, कुरिअरनं,
थर्माकोलात, माशाच्या काट्यासारखा हलका.

बस्त्यांवनं भोक पाडलं,
ट्रॉलरच्या इंजिनाचं ग्रीस अजून नखांत.
सुईचा भार मोजायचा कशावर?
पेडणेकर सोनार दुकान बंद करून
काटा घेऊनच आला.
सुई टेकली. दीड ग्रॅम.
"नथीतल्या मोत्याचो भार," म्हणाला.

मग बाबांची तबकडी.
तिसऱ्या कडव्यात सुई उडायची, कायमच.
आम्ही गाणं तसंच पाठ केलेलं,
उडी मारूनच म्हणायचो,
बाबांना पोचवून आलो त्या रात्रीसुद्धा.

आज हात उडाला नाही.
चरा ओलांडून सरळ गेला.
चाळीस वर्षं हुकलेला शब्द
नुसता 'आणि' होता.

बस्त्यांव हसला.
भांडी घासताना मी गुणगुणले,
तिथं उडीच मारली.